उजव्या आसनावरील शिक्षक

विठ्ठलवाडीहून दक्षिणेस, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीच्या शिवारात जो विस्तीर्ण आणि सपाट माळ लागतो, तो दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेऊन विमानांसाठी तयार करविला. आणि त्याच काळात कल्याणच्या परिसरात जी लष्करी छावणी वसली, तिच्या बराकींतून फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहून १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीची आठवण ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ अशा पत्त्यांत आजही टिकून आहे. युद्ध संपले, विमाने गेली, जमिनीचा तंटा मात्र पिढ्यानपिढ्या सरकारदप्तरी पडून राहिला आणि जून २०१७ मध्ये त्याचा उद्रेक रस्त्यावर झाला. शेतकऱ्यांच्या त्या दुःखाची मीमांसा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे नेवाळीचा उल्लेख केला तो एवढ्याचसाठी की, धावपट्टी हुकमासरशी तयार करता येते, परंतु उड्डाणाची विद्या देणारा मनुष्य हुकमाने निर्माण होत नाही. आणि विमानविद्येची शाळा ज्याच्या आधारावर उभी असते तो हा मनुष्य, उड्डाणशिक्षक, आमच्या समाजात जवळजवळ अपरिचित राहिला आहे.

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांतून आता वैमानिक होण्याची आकांक्षा धरणारी मुलेमुली निघू लागली आहेत. त्यांचे आईवडील शाळेचे शुल्क विचारतात, विमाने किती ते विचारतात, पुढे नोकरी मिळेल काय हेही विचारतात. पण शिकवणार कोण, हा प्रश्न क्वचितच निघतो. व्यावसायिक परवाना हाती येऊनही विमान कंपनीचे दार न उघडल्यामुळे थांबून राहिलेल्या तरुणाच्या मनात एक निराळाच विचार घोळत असतो: जेथे देशोदेशीचे विद्यार्थी शिकावयास येतात अशा परदेशी शाळेत आपल्याला शिक्षकाचे काम मिळेल काय? विचार रास्त आहे. परंतु हे काम काय आहे, ते कसे उत्पन्न झाले आणि कोणत्या अटींवर मिळते, हे समजून घेतल्यावाचून त्या वाटेला लागणे शहाणपणाचे नाही.

विमान शिकविण्याचे पहिलेवहिले शास्त्र पहिल्या महायुद्धाच्या रक्तपातातून जन्मले. आघाडीवरून थकूनभागून परतलेल्या वैमानिकांकडे नवशिक्यांना सोपविण्याचा प्रघात तोपर्यंत होता. त्या बिचाऱ्यांना स्वतःला विमान येत असे, पण शिकविणे येत नसे, आणि प्रशिक्षणातच असंख्य तरुण प्राणास मुकत. १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे उड्डाणशिक्षकांनाच शिकविणारी शाळा काढली. अॅव्हरो ५०४ या दुहेरी नियंत्रणाच्या विमानात शिक्षक व शिष्य यांच्यामध्ये बोलण्यासाठी नळी बसविली गेली, जी पुढे ‘गॉस्पोर्ट नळी’ याच नावाने प्रसिद्ध झाली. परंतु नळीपेक्षाही मोलाचे होते ते त्याचे तत्त्व: शिष्याला धोक्याच्या अवस्थांपासून दूर न ठेवता, शिक्षक जवळ असताना बुद्ध्याच त्या अवस्थांत नेऊन, त्यांची कारणे समजावून, त्यांतून स्वतःच्या हाताने बाहेर पडावयास शिकवावे. आमच्या खेड्यांत पाठीला भोपळा बांधून पोराला विहिरीत सोडणारा आणि योग्य दिवशी तो भोपळा सोडून घेणारा वडीलधारा हेच तत्त्व पाळीत आला आहे. सव्वाशे वर्षांच्या विमानेतिहासात यंत्रे ओळखू न येण्याइतकी बदलली, तथापि आजही अमेरिकेत शिक्षकाचा परवाना मागणाऱ्या उमेदवाराला विमान गरगरत खाली येण्याच्या ‘स्पिन’ या अवस्थेचे शिक्षण घेऊन तसा दाखला आणावा लागतो, तो याच परंपरेचा वारसा आहे.

देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना एका जागी आणून शिकविण्याची कल्पनाही युद्धाचीच देणगी. १७ डिसेंबर १९३९ रोजी ओटावा येथे झालेल्या करारान्वये कॅनडाने राष्ट्रकुलातील तरुणांना शिकविण्याचे कार्य अंगावर घेतले आणि युद्धसमाप्तीपर्यंत एक लाख एकतीस हजारांहून अधिक विमानकर्मी तयार करून दिले. १९४१ पासून फ्लॉरिडातील क्लूइस्टन येथे ब्रिटिश हवाईदलाचे उमेदवार अमेरिकन नागरी शिक्षकांकडून शिकू लागले. स्वच्छ आकाश, सपाट भूमी आणि वर्षाचे बहुतेक दिवस उड्डाणयोग्य हवा हे फ्लॉरिडाचे भाग्य आजही तेथील शाळांना परदेशी विद्यार्थी पुरविते. कॅनडाच्या त्या योजनेतील एक गोष्ट विशेष चिंतनीय वाटते. उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या कित्येक तरुणांना, आघाडीवर जाण्यासाठी ते तळमळत असताना, शिक्षक म्हणून मागे ठेवून घेण्यात आले. राष्ट्राने त्या काळात आपले निवडक वैमानिक शिकविण्याकडे वळविले, यावरून त्या कामाची खरी किंमत कळते.

आपल्याकडे या विद्येचा श्रीगणेशा जुहूच्या विमानतळावर, बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या आश्रयाने १९२८च्या सुमारास झाला. जे. आर. डी. टाटांना भारतातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. जुहूच्या आकाशात पुढे गर्दी झाली आणि क्लबचे उड्डाणशिक्षण धुळ्याला गेले. आज बारामती, शिरपूर, नागपूर येथेही शिक्षण चालते. गोंदियाजवळील बिरसी येथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतील संस्था आहे, आणि बिरसीची धावपट्टीही नेवाळीप्रमाणे इंग्रजी अमदानीतील युद्धकाळाचेच अपत्य आहे. तात्पर्य, महाराष्ट्रात धावपट्ट्यांची वाण नाही. वाण आहे ती टिकून राहणाऱ्या शिक्षकांची, आणि तिचे कारण परवान्याच्या नियमांत दडलेले आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलो शहरानजीक कोलगन एअरचे विमान कोसळून पन्नास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जनक्षोभातून झालेल्या कायद्यान्वये २०१३ पासून तेथे प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासही सर्वसाधारणपणे पंधराशे तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. विद्यापीठीय पदवीधरांना व माजी लष्करी वैमानिकांना तीत काही सवलत आहे. व्यावसायिक परवाना तर अडीचशे तासांच्या आतबाहेर मिळतो. मधले हजार-बाराशे तास कोठून आणावयाचे? बहुसंख्य तरुण ते उजव्या आसनावर बसून, दुसऱ्याला शिकवून जमवितात. भारतात मात्र व्यावसायिक परवान्यास किमान दोनशे तास लागतात आणि तो मिळाल्यावर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण घेऊन उमेदवार थेट सहवैमानिक होऊ शकतो. परिणामी, तेथे शिक्षकाचे काम ही सर्वांना चढावीच लागणारी पायरी झाली, तर येथे ती टाळून जाण्याजोगी पायरी राहिली. तेथील शिक्षक तरुण, उत्साही, पण तास पुरे होताच निघून जाणारा. येथे हवाईदलातून निवृत्त झालेले ज्येष्ठ, किंवा कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहणारे तरुण. दोन्हीकडे विद्यार्थी शिक्षणाच्या मध्यावर एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि प्रत्येक बदलाबरोबर त्याचे काही तास व बापाचे काही लाख रुपये खर्ची पडतात.

आता परदेशी नोकरीचा प्रश्न. ज्या देशात शिकवावयाचे त्या देशाचा व्यावसायिक परवाना, त्यावर शिक्षकाची सनद, आणि तेथे काम करण्याचा कायदेशीर हक्क या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यावाचून कोणतीही शाळा दारात उभे करीत नाही. यातील पहिल्या दोन परिश्रमाने मिळतात. तिसरीत मात्र पुष्कळांचा घात होतो, कारण शाळा निवडतानाच तिचा विचार केलेला नसतो. अमेरिकेत एम-१ प्रकारच्या व्हिसावर शिकणाऱ्याला शिक्षणाच्या दर चार महिन्यांमागे एक महिना, आणि तोही जास्तीत जास्त सहा महिने, प्रत्यक्ष कामाची मुभा मिळू शकते. एफ-१ व्हिसावर रीतसर शैक्षणिक अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास सर्वसाधारणपणे बारा महिन्यांची मुदत असते. शाळा बहुधा आपल्याच माजी विद्यार्थ्यांतून शिक्षक घेतात, कारण त्यांची विमाने, त्यांची शिस्त व त्यांचे आकाश ही त्या तरुणाच्या अंगवळणी पडलेली असतात. यास्तव ज्याला तेथे शिकवावयाचे आहे, त्याने तेथे शिकण्याआधीच या मुदतीचा दाखला लेखी मागून घ्यावा. कॅनडात नव्या शिक्षकाला चौथ्या वर्गाची सनद मिळते व तो वरिष्ठ शिक्षकाच्या देखरेखीखाली काम करतो. ऑस्ट्रेलियात तिसरी श्रेणी, न्यूझीलंडमध्ये ‘सी’ वर्ग, आणि आपल्याकडे मुख्य शिक्षकाच्या हाताखालील सहायक शिक्षक. नावे निराळी असली तरी नवा गुरू काही काळ शिष्यच राहतो, ही योजना सर्वत्र एक आहे.

मुलाखतीत विमान उडवून दाखविण्याइतकेच महत्त्व फळ्यापुढे उभे राहून एखादा विषय समजावून देण्याला असते. पंखावरील उचल अकस्मात का नाहीशी होते, हे ज्याला खडू हातात घेऊन सांगता येत नाही, त्याला आकाशात ते शिकविता येणार नाही. अमेरिकन परीक्षेत तर शिक्षणशास्त्राची वेगळी प्रश्नपत्रिका असते आणि थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाच्या अध्ययननियमांचा तीत समावेश आहे. जो मुळात सनदी शाळामास्तर आहे त्याला या प्रश्नपत्रिकेतून सूट मिळते. शिक्षकी पेशाचा असा सन्मान विमानविद्येच्या कायद्यात असावा, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

परदेशी विद्यार्थ्यांच्या शाळेत या कामाला आणखी एक परिमाण येते. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षा-तपासणी सरकारदरबारी झाल्यावाचून शिक्षण सुरू करता येत नाही, आणि तो दाखल होताच त्याचे छायाचित्र शाळेने सरकारकडे पाठवावे लागते. हे दप्तर चोख ठेवणे शिक्षकाच्याही जबाबदारीत येते. त्याहून अवघड आहे ती भाषा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वैमानिकाला इंग्रजीची किमान चौथी पातळी आवश्यक. पण परीक्षेची इंग्रजी आणि हेडफोनमधून घाईघाईने येणारी नियंत्रकाची इंग्रजी यांत मोठे अंतर असते. आशियाई घरांत वाढलेला विद्यार्थी गुरूपुढे “समजले नाही” असे म्हणण्यास संकोचतो. “येस सर” म्हणतो आणि पुढे चुकतो. म्हणून कसलेला शिक्षक “समजले का?” असे विचारीतच नाही. तो विद्यार्थ्याकडून तीच गोष्ट त्याच्या शब्दांत वदवून घेतो. विमानाचा ताबा कोणाकडे आहे याविषयी क्षणमात्रही संदेह राहू नये म्हणून एकाने “यू हॅव कंट्रोल” म्हणावे, दुसऱ्याने “आय हॅव कंट्रोल” असे उत्तर द्यावे आणि पहिल्याने आपले वाक्य पुन्हा उच्चारावे, असा त्रिवार दंडक आहे. आपल्या बहुभाषी देशात वाढलेल्या तरुणाला हा संकोच आतून ठाऊक असतो, आणि परदेशी शाळेत हीच त्याची सर्वांत मोठी योग्यता ठरू शकते.

आणि मग तो दिवस येतो, ज्या दिवशी दोन-चार फेऱ्या विद्यार्थ्याकडून निर्दोष करवून घेतल्यावर शिक्षक विमान थांबवितो, नोंदवहीत सही करतो, पट्टा सोडून खाली उतरतो आणि शिष्याला एकट्याने वर पाठवितो. त्या सहीत त्याची सारी इभ्रत असते. तो वेळेआधी उतरला तर शिष्याच्या प्राणाशी गाठ, उशिरा उतरला तर शिष्याचा आत्मविश्वास कायमचा खचतो. हा निर्णय कोणत्याही यंत्राला किंवा कोष्टकाला सोपविता आलेला नाही. एवढी जोखीम घेणाऱ्या मनुष्याला आपल्याकडे विमान कंपनीतील सहवैमानिकाहून कमी वेतन आणि कमी मान मिळावा, हे मला अन्यायाचे वाटते. शाळांनी व नागरी विमानवाहतूक खात्याने शिक्षकांना दीर्घ मुदतीचे करार देऊन हा अन्याय दूर करण्याची तजवीज केली पाहिजे.

मुलामुलींना विमानविद्येसाठी पाठविणाऱ्या आमच्या भागातील पालकांना माझी विनंती आहे की, शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी शाळेत जाऊन मुख्य शिक्षकाला भेटावे, शाळेत शिक्षक सरासरी किती काळ टिकतात आणि एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात ते विचारावे, व उत्तर लेखी घ्यावे. परवाना मिळवून घरी थांबलेल्या तरुणांनीही फ्लॉरिडाचा विचार अवश्य करावा. पण त्याआधी धुळे, बारामती आणि गोंदिया येथे सहायक शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करावा.