लाकूड वाकवणारी वाफ आणि भाजणारे हात

पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणारे म्हणून या समाजाला हे नाव पडले. जुन्या पिढ्यांच्या हाती शिकारीसाठी तिरकमठाही असे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज शिकार हा गुन्हा आहे. धनुष्य मात्र खेळाच्या मैदानावर टिकून आहे आणि ते हाताने घडवण्याची हौसही अनेकांना असते. बांबू मुळातच लवचीक असतो. तो निखाऱ्यावर शेकून सरळ करता येतो. पण लाकडी कांबीला बाक द्यायचा किंवा तिचा वाकडेपणा काढायचा, तर वाफ लागते.

वाफेने नेमके काय होते?

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे चिवट तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे लिग्निन. सिमेंटमध्ये लोखंडी सळ्या असाव्यात, तशी ही रचना. ओलावा आणि सुमारे १०० अंश सेल्सिअस उष्णता एकत्र मिळाली की लिग्निन मऊ पडते आणि तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. थंड झाल्यावर ते पुन्हा घट्ट होते व बाक टिकतो. एक इंच जाडीला साधारण एक तास वाफ, हा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे.

मऊ झालेले लाकूड दाबले तर बरेच आकसते, पण ताणले तर जेमतेम एक-दोन टक्केच वाढते. म्हणून वाकवताना बाहेरची बाजू तडकते. व्हिएन्नातील मिखाएल थोनेट यांनी बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी बांधून हा प्रश्न सोडवला. त्यांची १८५९ सालची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची जगभर गेली. धनुष्याची कांब पेटीतून काढल्यावर क्षणार्धात साच्यावर आवळावी लागते आणि पुरती वाळल्याशिवाय तिला दोरी चढवायची नसते; नाहीतर बाक बिघडतो.

धोका कुठे आहे?

जी वाफ लाकडाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचवते, तीच कातडीलाही तितक्याच जोमाने भाजते. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानापर्यंत थंड होताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. तेवढीच वाफ कातडीवर पाणी होताना आधी आणखी ५४० कॅलरी देते. म्हणजे एकूण उष्णता साडेनऊ पटींहून जास्त. शिवाय खरी वाफ दिसत नाही. पांढरे दिसतात ते गार होऊन बनलेले पाण्याचे थेंब. पेटीच्या तोंडाशी जिथे काहीच दिसत नाही, तिथेच चटका सर्वाधिक.

वाफेची पेटी किंवा नळी कधीही पूर्ण बंद करू नये. वाफ बाहेर जायला भोक हवेच, नाहीतर दाब वाढून स्फोट होऊ शकतो. झाकण आपल्यापासून दूर, पलीकडच्या बाजूने उघडावे. जाड, कोरडे हातमोजे वापरावेत. ओल्या मोज्यातून उष्णता लगेच आत शिरते. गणपतीत मोदकपात्राचे झाकण काढताना आणि कुकर उघडतानाही हीच काळजी घ्यावी.

भाजल्यास काय करावे?

भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ लावू नये. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या काढाव्यात. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने सैल झाकावे.

चेहरा, डोळे, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर रुग्णालय गाठावे. वाफ श्वासातून आत गेली आणि आवाज घोगरा झाला किंवा दम लागू लागला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घशातील सूज काही तासांत वाढू शकते. अशा वेळी घरी थांबून वाट पाहणे जिवावर बेतू शकते.