सायकलवरचे ऊन

मराठी भाषेने आपल्याला एका बाबतीत थोडे चकवले आहे. 'ऊन' हा शब्द आला संस्कृतातल्या 'उष्ण'वरून. त्यामुळे ताटातला ऊन ऊन भात आणि अंगणात पडलेले ऊन यांचे नाते आपण जन्मापासून धरून बसलो आहोत. जे चटका देते ते ऊन. जे चटका देत नाही त्याचे भय बाळगायचे कारण नाही. चुलीपुढे हा हिशेब बरोबर असेल, पण सायकलवर बसल्यावर तो साफ चुकतो.

कारण सूर्याची ऊब वेगळी आणि कातडी करपवणारे किरण वेगळे. ही ओळख दोनशे वर्षांहून जुनी आहे. १८०० साली विल्यम हर्शेल याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या पट्ट्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, उष्णतामापक ठेवला. पारा चढला! पुढच्याच वर्षी, १८०१ साली, जर्मनीत योहान रिटर याने दुसरे टोक तपासले. चांदीच्या क्षारात भिजवलेला कागद त्याने जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे धरला, तर तो तिथेच सर्वांत लवकर काळा पडला. हेच ते अतिनील किरण. ते दिसत नाहीत, ऊन लागत नाहीत, आणि आपले काम करून जातात. कागद काळा पडण्याचे कारण निराळे आणि कातडी काळवंडण्याचे निराळे, हे खरे. पण दोन्हीकडे कळते ते उशिरा, काम होऊन गेल्यावर.

पायी चालणारा माणूस तापला की झाडाखाली थांबतो, रुमाल डोक्यावर घेतो. त्याला शरीरच बजावत असते. सायकलवाल्याला मात्र स्वतःच्याच वेगाचा वारा लागतो. घाम वाळतो, अंग गार वाटते, आणि तो तासभर खुशाल उन्हात फिरतो. सिंहगडाच्या घाटात तर हवाही गार. पण समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर चढले की अतिनील किरण सुमारे एक दशांशाने वाढतात! महाबळेश्वरला चार दिवस हवा खाऊन आलेली मंडळी नाकाची साले काढीत परततात, त्याचे एक कारण हेच. ढगांवरही फार विसंबू नये. पातळ ढगांतून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली उतरू शकतात. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. दुसऱ्या वेळी आपण रेनकोटात असतो, म्हणून तिकडे कुणाचे लक्ष जात नाही इतकेच.

मग ओळखायचे कसे? घड्याळापेक्षा सावली बरी. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की अंग झाकावे. पुण्याचा मध्यान्ह बाराच्या ठोक्याला होत नाही, साडेबाराच्या आसपास होतो. तेव्हा 'बारा वाजून गेले, आता ऊन उतरले' असे म्हणून निघण्यात अर्थ नाही. आणि मजा अशी, की डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीही आपल्याकडे भर दुपारची सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते. स्वेटर घालून सायकल चालवणाऱ्यालासुद्धा तोंड आणि हात आहेतच.

आता या शहराच्या प्रसिद्ध स्कार्फविषयी. डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सारे गुंडाळलेल्या पुण्यातल्या मुलींची थट्टा पुष्कळ झाली आहे. माझ्या मते ती अस्थानी आहे. कापड हे मलमापेक्षा भरवशाचे, कारण ते घामाने वाहून जात नाही. पण स्कूटरवरचा स्कार्फ सायकलवर जसाच्या तसा चालत नाही. चढावर धाप लागते, नाकातोंडावरचे कापड ओले होऊन चिकटते, श्वास कोंडतो. तो मानेभोवती आणि कानांवरून घ्यावा, नाक मोकळे ठेवावे, आणि टोके नीट आत खोचावीत. चाकात अडकलेली ओढणी हा उन्हापेक्षा तातडीचा धोका आहे.

शिवाय चेहरा इतका जपणाऱ्या मुलींचे हात बहुधा उघडेच असतात. सायकलवर सर्वांत जास्त ऊन खाते ती हाताची पालथी बाजू. हँडल धरले की ती सारा वेळ आकाशाकडे तोंड करून असते. त्यानंतर मानेची मागची बाजू, कानांच्या पाळ्या, नाकाचा शेंडा. टक्कल असलेल्या गृहस्थांनी हेल्मेटच्या भोकांचीही आठवण ठेवावी; डोक्यावर पट्टे उमटलेले मी पाहिले आहेत.

माझ्या एका भाचीचे सांगते. कोथरूडहून शिवाजीनगरला ती रोज सायकलने कॉलेजात जायची. शेवटच्या वर्षाला आली तशी घरात कुजबुज सुरू झाली. 'रंग किती उतरला पोरीचा!' 'आता स्थळे पाहायची वेळ आली.' एक दिवस सायकल जिन्याखाली गेली आणि रिक्षाचे पैसे मंजूर झाले. तिच्या धाकट्या भावाचे हात क्रिकेटने आणि सायकलने अर्ध्या बाह्यांपर्यंत काळेकुळकुळीत झालेले, पण त्याची सायकल कुणी जिन्याखाली ठेवली नाही. मी तसे म्हटल्यावर ताई म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला? मुलगी माझी आहे."

"तिला पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट शिवून दे," मी म्हटले, "पण सायकल काढून घेऊ नकोस."

ताईला माझे पटले असे नाही. रिक्षा वेळेवर मिळेनात आणि दोन परीक्षांना उशीर होता होता राहिला, तेव्हा सायकल बाहेर आली. कारण कोणते का असेना.

१९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० साली गेला. आपल्या बैठकीच्या खोलीतून तो अजून गेलेला नाही. वास्तविक कातडी काळवंडते ती बिघडते म्हणून नव्हे. किरणांचा मारा झाला की ती आपल्याच रंगद्रव्याची छत्री उघडते. आपल्या लोकांत कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी आढळतो, तो या छत्रीमुळे. मात्र छत्रीला भोके आहेत. गालांवर वांग येतात ते वर्षानुवर्षे जात नाहीत, सुरकुत्या लवकर पडतात. ज्यांना कोड आहे त्यांच्या पांढऱ्या डागांवर तर छत्रीच नसते. काही औषधे चालू असतानाही ऊन एकाएकी बाधते. मुरुमांसाठी पुष्कळांना देतात ते डॉक्सिसायक्लिन त्यांतलेच. तेव्हा झाकायचे ते रंगासाठी नव्हे, आणि मुलाने झाकायचे ते मुलीइतकेच.

कापड निवडताना एक सोपी परीक्षा आहे. दिव्यासमोर धरावे. दिवा आरपार दिसला तर किरणही आरपार जाणार. पांढरी तलम मलमल गार वाटते, पण तिचा आडोसा थोडा, आणि घामाने भिजली की त्याहून थोडा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट उत्तम. सिग्नलला थांबल्यावर तो तापतो हे कबूल. सायकल चालू लागली की वारा आहेच.

उरलेल्या जागेला मलम. डब्यावरचा ३० हा आकडा सांगतो की कातडी भाजणाऱ्या किरणांचा तिसावा भाग आत येईल. पण तो तेव्हाच खरा, जेव्हा मलम भरपूर लावलेले असते. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढल्या, तर तेवढे मलम चेहरा आणि मान यांना पुरते. आपण लावतो ते बहुधा निम्मेसुद्धा नसते. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे, दर दोन तासांनी पुन्हा. कपाळावरचे घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबते, म्हणून तिथे टोपीच्या पुढच्या झडपीवर भिस्त ठेवलेली बरी.

घरगुती उपायांपैकी एकाविरुद्ध मला आवर्जून लिहायचे आहे. रंग उजळावा म्हणून लिंबू चोळून मुली उन्हात जातात. लिंबाच्या रसातली द्रव्ये आणि अतिनील किरण एकत्र आले की कातडी भाजते, फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन्महिने राहतात. जे घालवायचे तेच आणायचा हा मार्ग! बेसन आणि साय घरी परतल्यावर खुशाल लावावीत. खोबरेल तेलाने अंग मऊ राहते. सायकलवर त्याची ढाल पुरत नाही.

इतके करूनही कातडी लाल होऊन हुळहुळू लागली, तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, पाणी भरपूर प्यावे. टूथपेस्ट फासू नये. फोड आले किंवा ताप भरला तर डॉक्टरांकडे जावे.

आणि ज्यांना नुसते पाय मोकळे करायला सायकल काढायची आहे त्यांनी संध्याकाळी साडेपाचनंतर निघावे. सावल्या लांबलेल्या असतात, स्कार्फ, बाह्या, मलम सगळे घरी ठेवले तरी चालते. दिवा तेवढा लावायला विसरू नये.