शिकारीची बंदूक व नेमबाजीची रायफल

पुण्याच्या पश्चिमेस, वाकडच्या समोर मुळेच्या दुसऱ्या तीरावर, श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे आहे. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ते उभारले गेले आणि २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथे झाल्या. या संकुलास ‘म्हाळुंगे-बालेवाडी’ असे जोडनाव आहे. यातील म्हाळुंगे म्हणजे चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील म्हाळुंगे नव्हे. नामसाम्यामुळे नवख्या माणसाचा घोटाळा होतो, म्हणून हे नमूद केलेले बरे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील ज्या मुलामुलींना नेमबाजी शिकावयाची असते, त्यांना जवळ पडणारे मोठे नेमबाजी-मैदान म्हणजे बालेवाडीचेच होय.

नेमबाजी म्हणजे शिकारीचीच सौम्य आवृत्ती, प्राण्याच्या जागी कागद लावला एवढाच काय तो फरक, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. या दोन छंदांचा ऐतिहासिक संबंध निर्विवाद आहे. परंतु दोहोंची साधने शेजारी ठेवून पाहिली, तर ती एकमेकांच्या अगदी उलट हेतूने घडविलेली आहेत असे दिसून येते. शिकाऱ्याची बंदूक अनिश्चिततेशी जुळवून घेण्यासाठी असते. नेमबाजाची रायफल अनिश्चिततेचे एकेक कारण शोधून काढून टाकण्यासाठी असते. हा भेद ध्यानी आला म्हणजे या खेळास एवढा खर्च का येतो, याचाही उलगडा होतो.

प्रथम शिकारीविषयी. आज जेथे मोटारींचे कारखाने दिसतात, तो खेड व मावळचा माळ एकेकाळी ससे, तितर आणि लावे यांचा होता. पुणे व खडकी येथील छावण्यांतील इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक यांनी शिकारीस प्रतिष्ठेचा खेळ बनविले. कोल्हापूर संस्थानात तर शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. त्याच काळात पारधी समाज फासे लावून पोटासाठी पारध करीत होता, आणि ब्रिटिश कायद्याने त्याच्यातील अनेकांच्या माथी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. एकाच कृतीस एकाच्या बाबतीत मर्दानी करमणूक व दुसऱ्याच्या बाबतीत अपराध मानावे, हा त्या काळचा न्याय विलक्षणच म्हटला पाहिजे. मुंबई राज्याने १९५१ साली वन्यपशुपक्षी संरक्षणाचा कायदा करून शिकारीवर परवान्याची बंधने घातली. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने ती अधिक कडक केली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर करमणुकीची शिकार व्यवहारतः संपुष्टात आली. माणसास धोका देणाऱ्या किंवा पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने अपवाद करता येतो. पण तो बंदोबस्त झाला, त्यास खेळ म्हणता येत नाही.

शिकाऱ्याच्या हाती बहुधा बारा बोअरची दुनळी असे. ‘बारा बोअर’ या संज्ञेचा उगम मनोरंजक आहे : एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलीमीटर भरतो. तिच्यातून एक गोळी न सुटता छर्ऱ्यांचा पुंजका सुटतो व जाता जाता पसरत जातो. उडत्या तितरावर नेम धरण्यास क्षणभरच वेळ असतो. अंतर, वेग, दिशा यांपैकी काहीच निश्चित नसते. छर्ऱ्यांचा पसारा ही तेवढी चूक पोटात घालतो. दुसरी नळी असते, ती पहिला बार फुकट गेला तर. बंदूक हलकी, तीन-साडेतीन किलोच्या आसपास, कारण ती दिवसभर वाहावयाची असते आणि क्षणात खांद्याला लावावयाची असते. नळीच्या टोकाशी एक बारीकशी माशी. नेम धरण्याचे साधन म्हणून तेवढी पुरे. या बंदुकींच्या काडतुसांवर ‘केएफ’ ही अक्षरे पुष्कळ जुन्या शिकाऱ्यांनी पाहिलेली असतील. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण होय.

शिकारीशी असलेले नाते ज्या स्पर्धेत आजही उघड दिसते, ती मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीची. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरे सोडून त्यांवर बार काढण्याची स्पर्धा झाली होती. पुढे कबुतरांची जागा ११० मिलीमीटर व्यासाच्या, सुमारे १०५ ग्रॅम वजनाच्या तबकडीने घेतली. येथे बंदूक बारा बोअरचीच राहिली. मात्र काडतुसातील छर्ऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये असा नियम झाला.

रायफलीची गोष्ट निराळी. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष सांभाळते. हे तत्त्व शिकारीच्या रायफलीतही होतेच. स्पर्धेच्या रायफलीने त्यापुढे काय केले, हे दहा मीटरच्या हवाई रायफलीवरून चांगले समजते. हीत दारू नसते. नळीखालील टाकीत सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि एक नियामक झडप प्रत्येक बारास त्यातील सारखेच माप सोडते. साडेचार मिलीमीटर व्यासाचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा छर्रा सेकंदास १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो. त्याची ऊर्जा सुमारे आठ ज्यूल, म्हणजे शिकारीच्या दृष्टीने नगण्य. धक्का जवळजवळ नाहीच. आपल्याकडे २० ज्यूलपर्यंतच्या व साडेचार मिलीमीटरपर्यंतच्या हवाई बंदुकीस शस्त्र-परवाना लागत नाही, म्हणूनही नवशिक्याचा आरंभ बहुधा येथूनच होतो.

आता लक्ष्याकडे पाहावे. हवाई रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ वस्तुतः अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका असतो. छर्ऱ्याची कड त्यास शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलीमीटरच्या आत पडला पाहिजे. पण एवढ्याने आज भागत नाही. हवाई रायफलीत दशांश गुण मोजले जातात आणि सर्वोच्च गुण १०.९ असतो, त्यासाठी छर्रा मध्यापासून पाव मिलीमीटरच्या आत जावा लागतो. पुढील दर पाव मिलीमीटरला एक दशांश गुण कमी होतो. मागील व पुढील नेमदर्शकांतील अंतर ७० सेंटीमीटर धरले आणि दोहोंच्या सरळ रेषेत केवळ एकदशांश मिलीमीटरचा फरक पडला, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ दीड मिलीमीटर सरकतो. सहा दशांश गुण गेलेच! भोसरीच्या यंत्रशाळेत काम करणाऱ्यास ‘शंभर मायक्रॉन’ म्हटले की ही चूक किती ढोबळ आहे ते लगेच कळेल. फरक इतकाच की तेथे तुकडा चकमध्ये आवळलेला असतो आणि येथे तो श्वास घेणाऱ्या, नाडी चालू असलेल्या माणसाच्या हातात असतो.

म्हणूनच माशीऐवजी येथे दोन वर्तुळे येतात. मागे बारीक छिद्राचा नेमदर्शक, पुढे एक कडे. छिद्रातून पाहिले असता कड्याच्या मध्यभागी लक्ष्याचा काळा गोल दिसतो. एकात एक बसलेली वर्तुळे समकेंद्री आहेत की नाहीत, हे डोळा फार सूक्ष्मपणे ओळखतो. खाचेत टोक बरोबर बसले की नाही हे त्यास तितकेसे कळत नाही. दस्ता तर ओळखू न येण्याइतका बदलला आहे. गालाचा टेका, खांद्याचा टेका, तळव्याची बैठक, हे सारे भाग स्क्रूने वरखाली, मागेपुढे होतात. शिकारीत बंदूक जुळवून घेण्यास सवड नसते, म्हणून माणूस बंदुकीशी जुळवून घेतो. येथे रायफल माणसाच्या मापाने बेतली जाते. वजनही मुद्दाम वाढविलेले असते, कारण जड वस्तू सहजी थरथरत नाही. मात्र हवाई रायफलीस साडेपाच किलोची मर्यादा आहे.

कॅनव्हास व चामड्याचा जाड अंगरखा आणि तशीच विजार घालून उभा असलेला नेमबाज पाहिला की प्रेक्षकास हसू येते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तर कीवही येते. पण या पोशाखामागे विचार आहे. स्नायूंनी पेललेले वजन काही सेकंदांतच डळमळू लागते, हाडांवर टेकवलेले वजन स्थिर राहते. नेमबाज पाठीला किंचित बाक देऊन डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि ताठ अंगरखा कण्यास आधार देतो. हा आधार अतिरेकी होऊ नये म्हणून कापडाची जाडी अडीच मिलीमीटरपर्यंतच चालते, ताठरपणा उपकरणाने मोजला जातो आणि जास्त भरल्यास नेमबाजास बाद ठरविले जाते. एवढे सारे करूनही हृदयाचा ठोका रायफलीच्या टोकापर्यंत पोहोचतोच. अनुभवी नेमबाज दोन ठोक्यांमधील शांत क्षणी चाप ओढतात असे सांगितले जाते. ओढतात म्हणण्यापेक्षा चाप सुटू देतात असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पन्नास मीटरच्या रायफलीत पुन्हा दारू येते आणि तिच्याबरोबर वाराही येतो. पॉइंट टू टू काडतुसाची गोळी अवघी २.६ ग्रॅमची असते व मुद्दामच ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाने सोडली जाते, कारण वाटेत ध्वनीचा वेग ओलांडून खाली येणारी गोळी हेलकावते. मैदानात दहा व तीस मीटरवर लहान झेंडे लावलेले असतात आणि नेमबाजास लक्ष्याइतकेच लक्ष त्यांच्याकडे द्यावे लागते. या प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून व उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरावा लागतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुण मिळवून याच प्रकारात कांस्यपदक पटकाविले. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आलेले आणि त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेले कुसाळे बालेवाडीच्याच मैदानावर घडले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीस मिळविलेल्या कुस्तीतील कांस्यपदकाचे या निमित्ताने साऱ्या महाराष्ट्राने स्मरण केले. कुसाळे यांच्या गुणांचा अर्थ वेगळ्या रीतीने सांगावयाचा तर असा : तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूस ४४ बार मिळतात, म्हणजे दर बारास सरासरी १०.२६ गुण पडले. पन्नास मीटरवर, तिन्ही स्थितींत मिळून, गोळी मध्यापासून सरासरी पाच-सहा मिलीमीटरवर पडत होती.

या ठिकाणी एक प्रश्न उपस्थित होतो आणि या औद्योगिक पट्ट्यात तो अधिकच बोचतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीखाली आला. मुळा ओलांडली की दापोडी लागते आणि तेथून चाकणपर्यंत सूक्ष्म मापाचे यंत्रभाग घडविणाऱ्या यंत्रशाळांची रांग लागलेली आहे. तरीही आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आपले नेमबाज ज्या रायफली व पिस्तुले वापरतात, ती वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ या जर्मन, स्टायर या ऑस्ट्रियन, मोरिनी या स्विस व पार्डिनी या इटालियन कारखान्यांची असतात. काडतुसेही इलेची, लापुआची किंवा आरडब्ल्यूएसची. इच्छापूरच्या कारखान्यात पॉइंट थ्री वन फाइव्ह शिकारी रायफल निघत आली आहे. पण ती ज्या कामाची आहे ते काम हे नव्हे.

यास कौशल्याचा अभाव हे कारण देणे सोपे, पण चुकीचे आहे. मायक्रॉनमध्ये काम करणारे कारागीर येथे हवे तितके आहेत. खरी अडचण काडतुसावरून ध्यानी येते. पॉइंट टू टू काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेच्या पोकळीत ओला असताना फिरवून बसवितात. तो सर्व बाजूंनी सारखा बसला नाही की गोळीच्या वेगात फरक पडतो. तयार झालेल्या प्रत्येक घाण्याची प्रकृती थोडी निराळी असते आणि प्रत्येक नळीस एखादाच घाणा विशेष मानवतो. म्हणून अव्वल खेळाडू आपली रायफल घेऊन युरोपात जातात, कारखान्याच्या चाचणी-दालनात ती पकडीत बसवून एकेका घाण्याची काडतुसे झाडून पाहतात आणि मानवेल तो घाणा वर्षभराचा साठा म्हणून विकत घेतात. असा धंदा अनेक पिढ्यांच्या नोंदींवर आणि चोखंदळ गिऱ्हाइकांवर उभा राहतो. आपल्याकडे गिऱ्हाईक थोडे, त्यातून परवान्याची यातायात. कोणताही कारखानदार या आकड्यांकडे पाहून मागे सरेल. याचा भार मात्र अखेरीस कामगाराच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलावर पडतो. हवाई रायफलीवर त्याचा हात बसतो. पन्नास मीटरकडे वळण्याची वेळ आली की दर बाराचा हिशेब सुरू होतो. किती गुणी मुले याच टप्प्यावर थांबत असतील, त्यांची नोंद कोठेच होत नाही.

यावर नेमबाजांनी जो उपाय शोधला, तो साधनांच्या या साऱ्या पसाऱ्यात सर्वांत स्वस्त आहे. त्यास ‘ड्राय फायरिंग’ म्हणतात. घरातल्या भिंतीवर लहानसा काळा ठिपका चिकटवावयाचा, पूर्ण पोशाख चढवावयाचा, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यावयाची आणि नेम धरून चाप सोडावयाचा. छर्रा सुटत नाही, आवाज होतो तो एवढासा ‘टक्’. त्या क्षणी पुढचे कडे ठिपक्यावरून हलले की नाही, एवढेच पाहावयाचे. ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले खेळाडूदेखील रोजच्या सरावाचा मोठा वेळ याच रिकाम्या रायफलीवर घालवितात.