पोरीच्या सायकलला डिस्क ब्रेक हवाच का?

जून आला की सिरसाळ्यात सायकलींची खरेदी निघते. हल्ली मुली डिस्क ब्रेकचाच हट्ट धरतात. मैत्रिणींनो, साध्या ब्रेकचं रबर रिमवर घासतं. रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. डिस्क ब्रेक चाकाच्या मधल्या पोलादी चकतीला धरतो, म्हणून पावसाचिखलातही नीट लागतो. २०१८ पासून रस्त्यावरच्या शर्यतींतही त्याला पूर्ण मुभा आहे. पण तिथं वेग, घाटउतार! गावातल्या गावात शाळेला जाणारीला साधा ब्रेक पुरतो, असं मला वाटतं. फक्त झिजलेलं रबर बदला, तार ताणून घ्या. वस्तीवरून काळ्या मातीचा चिखल तुडवत येणारीला मात्र डिस्क घ्याच. चकती वाकली किंवा तिला तेल लागलं, तर दुरुस्ती जवळपास होते का, तेवढं आधी विचारा. सायकल बंद पडून पोरीची शाळा बुडायला नको!