महाग डबी, स्वस्त डबी : प्रसाधनांचा ताळेबंद



लग्नसराई जवळ आली की आपल्या भागातील खरेदीच्या वाटा ठरलेल्या असतात. बेळगावकर खडेबाजार आणि गणपत गल्ली गाठतात. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, म्हणून त्यांची पावले महाद्वार रोडकडे वळतात. साडीला भाव केला जातो, भांड्यांना केला जातो, सोनाराकडे घडणावळीवरूनही घासाघीस होते. प्रसाधनांच्या दुकानात मात्र सगळे गप्प! काचेच्या कपाटातील डबीवर जो आकडा छापलेला असेल तो मुकाट्याने मोजला जातो. "एवढी महाग आहे म्हणजे चांगलीच असणार" हे एकच कारण त्यामागे असते. आणि ज्यांना ती डबी परवडत नाही, त्या घरातील मुली कोणाच्या तरी सांगण्यावरून बिननावाचे 'गोरे करणारे' क्रीम घेऊन येतात. पहिल्या घरी पैशाचे नुकसान होते, दुसऱ्या घरी शरीराचे. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही त्वचारोगतज्ज्ञ नाही. उभी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज आणि ताळेबंद तपासण्यात गेली. कागद नीट वाचायचा, आकडा तपासायचा आणि मगच सही करायची, एवढीच विद्या आमच्यापाशी आहे. सुदैवाने प्रसाधनांच्या बाबतीत तेवढी पुष्कळ उपयोगी पडते.

किंमत कशाची असते?

डबीची किंमत म्हणजे आतल्या मालाची किंमत नव्हे. त्यात काचेची बरणी, खोका, जाहिरात, नटनट्यांचे मानधन, दुकानाचे भाडे, वितरकाचा आणि दुकानदाराचा नफा, आणि माल परदेशी असेल तर आयात शुल्क, असे सगळे मिळवलेले असते. बहुतेक क्रीममध्ये सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो. त्यानंतर तेलकट पदार्थ, ग्लिसरीन, पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणारे घटक, टिकाऊपणासाठी काही आणि सुगंध. ग्लिसरीन स्वस्त डबीतले असो की महाग डबीतले, त्वचेत ओलावा धरून ठेवण्याचे काम ते सारखेच करते.

एकच उद्योगसमूह स्वस्त आणि महाग अशी दोन्ही नावे बाळगतो हेही ध्यानात ठेवावे. गार्नियेचे साधे क्रीम आणि लाँकोमची उंची बाटली ही दोन्ही फ्रान्सच्या लोरेआल समूहाची. या समूहाचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. दोन्ही मालांची कृती एकच असते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्ञान, प्रयोगशाळा आणि अनुभव एकाच घरातले असतात.

स्वस्त आणि मस्त याची आपली परंपरा

रास्त दरात चांगला माल ही कल्पना आपल्याकडे आजची नाही. आपण ज्या राज्यात राहतो त्याच राज्याचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानातील चंदनाची निर्यात अडली आणि लाकूड पडून राहिले. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी त्याचे तेल काढण्याचा उद्योग उभा केला आणि त्यातूनच म्हैसूर सँडल साबण जन्माला आला. पुढे १९८० मध्ये या कारखान्यांची 'कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स' ही सरकारी कंपनी झाली. शंभर वर्षे उलटली तरी खऱ्या चंदन तेलाचा साबण सामान्य माणसाच्या न्हाणीघरात आहे.

१९५२ हे वर्ष तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रसाधनांवर परदेशात जाणारे चलन वाचावे म्हणून टाटांनी त्या वर्षी 'लॅक्मे' सुरू केली. त्याच वर्षी केशव विष्णु पेंढरकर या मराठी माणसाने मुंबईत 'विको' कंपनी काढली. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाची आद्याक्षरे म्हणजे विको. पुढे त्यांच्या हळदीच्या क्रीमने घराघरात जागा मिळवली. हळदीने चेहरा पिवळा होईल ही लोकांची भीती घालवणे हेच तेव्हा मोठे काम होते. हा माल औषध की प्रसाधन यावरून अबकारी खात्याशी झालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विकोच्या बाजूने निकाल लागला.

दिवाळीचा मोती साबण मूळचा टाटा ऑइल मिल्सचा. १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. पुण्याचे कैलास जीवन तर भाजण्या-कापण्यापासून टाचेच्या भेगांपर्यंत सगळ्याला चालते असे आपल्या आया-आज्या मानत आल्या. यातील कोणतीही वस्तू घेताना हप्ते बांधावे लागले नाहीत.

साबणाचा ग्रेड पाहावा

साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरात 'टीएफएम' असे लिहिलेले असते. साबणातील एकूण स्निग्ध द्रव्याचे ते प्रमाण. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाप्रमाणे टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडला किमान ७६ टक्के, दुसऱ्याला ७० आणि तिसऱ्याला ६० टक्के टीएफएम लागते. 'बेदिंग बार' असे लिहिलेला माल या वर्गात येत नाही. त्याचे मानक वेगळे असून तेथे ४० टक्क्यांनाही चालते. दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेले असतात आणि बेदिंग बार कधी कधी महागही असतो. पहिल्या ग्रेडचा साबण पाण्यात लवकर विरघळत नाही, जास्त दिवस पुरतो. म्हैसूर सँडल याच ग्रेडचा आहे. मात्र ज्यांची त्वचा फार कोरडी किंवा नाजूक आहे त्यांनी केवळ टीएफएमवर जाऊ नये. सौम्य क्लेन्झिंग बारचा हिशेब निराळा असतो.

वजनही पाहावे. समजा, एक साबण १०० ग्रॅमचा ४० रुपयांना आणि दुसरा ७५ ग्रॅमचा ३३ रुपयांना आहे. हातात घेतल्यावर दुसरा स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात पहिला ग्रॅमला ४० पैसे पडतो, दुसरा ४४. आता नियमाने वेष्टनावर ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमतही छापलेली असते. ती पाहण्याची सवय लावून घ्यावी.

वर्षाचा हिशेब

चेहऱ्याच्या क्रीमचा हिशेब मांडून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. ५० ग्रॅमची डबी १५०० रुपयांना घेतली आणि दिवसाला एक ग्रॅम वापरले, तर रोजचे ३० रुपये, वर्षाचे १०,९५०. त्याऐवजी २०० ग्रॅमची बाटली २५० रुपयांना घेतली तर रोजचा सव्वा रुपया, वर्षाचे सुमारे ४५६. फरक जवळजवळ साडेदहा हजारांचा, म्हणजे महिन्याला ८७५ रुपये. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या रिकरिंगमध्ये दहा वर्षे भरले तर हाती दीड लाखाच्या जवळपास रक्कम येते. कोणाच्या घरात त्यातून मुलीच्या शिक्षणाचे एक वर्ष निघेल. हौसेला आमचा विरोध नाही. हौसेचा भाव माहीत असावा एवढेच.

करातही बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, केसांचे तेल आणि टाल्कम पावडर यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चेहऱ्याची क्रीम आणि लिपस्टिक १८ टक्क्यांतच राहिली. दुकानातील जुन्या आणि नव्या मालाच्या छापील किमती ताडून पाहाव्यात.

घटकांची यादी कशी वाचावी?

डबीच्या मागे घटकांची यादी असते. ज्याचे प्रमाण जास्त ते आधी, असा तिचा क्रम असतो. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. समोर मोठ्या अक्षरात 'केशर' किंवा 'बदाम' लिहिलेले असेल आणि यादीत त्याचा नंबर सुगंधानंतर लागत असेल, तर त्या केशराचे पैसे आपण कशासाठी देतो हे आपणच ठरवावे. दोन डब्या शेजारी ठेवून पहिले पाच-सहा घटक ताडून पाहिले की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. मार्गशीर्ष-पौषातील कोरडी हवा ओठ आणि टाचा फोडते. अशा वेळी साध्या पेट्रोलियम जेलीसारखा उपाय नाही. त्वचेतील पाणी उडू न देण्याच्या कामात ती महागड्या मलमांनाही मागे टाकते. अंघोळीनंतर अंग किंचित ओले असतानाच लावावी.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा अधिक आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द पाहावेत. महाग सनस्क्रीन जपून जपून लावण्यापेक्षा स्वस्त सनस्क्रीन पुरेसे लावणे केव्हाही चांगले. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे लागते. शेतावर आणि दुचाकीवर जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

लिपस्टिकची छटा, फाउंडेशनचा आपल्या वर्णाशी मेळ, अत्तराचा दरवळ, येथे महाग मालात खरोखर फरक जाणवू शकतो. एखाद्या मंगल प्रसंगासाठी अशी एखादी वस्तू आवर्जून घ्यावी. रोजच्या साबणाला, तेलाला, क्रीमला तो न्याय लावण्याचे कारण नाही.

स्वस्त जेथे महागात पडते

आता मुख्य गोष्ट. रास्त दराचा माल आणि बनावट माल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गोरे करण्याचा दावा करणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. पाऱ्याने रंग काही दिवस उजळतो, पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा निघाला. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण आढळले. सावळ्या रंगाबद्दल घरात सहज बोलले गेलेले एक वाक्य मुलीला कोठे नेऊ शकते, याचा विचार वडीलधाऱ्यांनी जरूर करावा. 'स्थळ पाहायला येणार आहेत' म्हणून तर असले क्रीम मुळीच आणू नये.

दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. खरजेसाठी किंवा गजकर्णासाठी मिळणारी ट्यूब रंग उजळावा म्हणून चेहऱ्यावर लावली जाते. त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की त्रास उसळतो. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही काउंटरवर मागितली की ती मिळतात.

आपल्या भगिनींसाठी आणखी दोन सूचना. टिकलीच्या गोंदातील काही रसायनांनी कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. कपाळ खाजू लागले की टिकली ताबडतोब बंद करावी. केस काळे करणाऱ्या कलपातील 'पीपीडी' या घटकाची अनेकांना ॲलर्जी असते. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या मालातही तो असतो. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. घरगुती उटणेही याला अपवाद नाही. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा हे सगळे सुगंधी आणि गुणाचे. पण सर्वांच्याच त्वचेला ते मानवते असे नाही.

घेण्यापूर्वी पाच गोष्टी

१. उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक.
२. बॅच क्रमांक आणि वापराची मुदत.
३. घटकांची यादी. ती नसेल तर वस्तू परत ठेवावी.
४. माल परदेशी असल्यास आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक.
५. पक्की पावती.

नामांकित डबी निम्म्याहून कमी दरात मिळत असेल तर ती बनावट असण्याची शक्यता धरून चालावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मालाच्या दर्जाची तक्रार बेळगाव-निपाणीत कर्नाटकाच्या अन्न सुरक्षा व औषध प्रशासन खात्याकडे, आणि कोल्हापुरात खरेदी केली असल्यास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. सीमाभागात राहणाऱ्यांनी पावतीवरील गावाचे नाव म्हणूनच पाहून ठेवावे. त्वचेचा त्रास झाल्यास घरगुती प्रयोग न करता डॉक्टर गाठावा. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. जाताना वापरलेली डबी किंवा ट्यूब बरोबर न्यावी, फेकून देऊ नये.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून साबण, क्रीम किंवा उटणे देण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. घाऊक खरेदी करणाऱ्या भगिनींनी या पाच गोष्टी पाहूनच वाण घ्यावे, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याच्या घरी चांगलीच वस्तू जाईल. आणि आपल्या घरातील मुली-सुनांना हा लेख एकदा वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.