अडीच ताऱ्यांचा सिनेमा

सिनेमा पाहून आलेल्याला 'कसा आहे?' असं विचारलं, की बहुतेक वेळा 'बरा आहे' हे उत्तर मिळतं. हे दोन शब्द कसे उच्चारले यावर सगळं अवलंबून. 'रा' जरा लांबवला तर समजायचं, तिकिटाचे पैसे वाया गेलेत, पण तोंडाने म्हणवत नाही. मान डोलावत झटकन म्हटलं, तर वेळ खरोखरच मजेत गेलेला असतो. 'एकदा बघायला हरकत नाही', 'टाइमपास आहे', 'पैसा वसूल', 'डोकं घरी ठेवून जा' हे सगळे याच मुलखातले शेरे, आणि त्यांतला फरक मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. समीक्षकाची पंचाईत अशी, की छापील ओळीला ना सूर असतो, ना मानेचा हेलकावा. मधल्या दर्जाच्या, थोडाफार आनंद देणाऱ्या सिनेमाबद्दल जे काही सांगायचं ते त्याला दोन-तीन वाक्यांत, नुसत्या शब्दांच्या निवडीतून सांगावं लागतं. समीक्षकाचा कस इथेच लागतो, असं माझं मत आहे. उत्तम आणि भिकार सिनेमे त्या मानाने सोपे.

या छोट्या शेऱ्यांचा सर्वांत मोठा कारखाना अमेरिकेत होता. न्यू जर्सीत शाळेत शिकणारा लेनर्ड माल्टिन नावाचा मुलगा 'फिल्म फॅन मंथली' हे हौशी मासिक चालवत असे. त्या जोरावर एका प्रकाशनाने त्याला पुस्तकाचं काम दिलं आणि १९६९ मध्ये 'टीव्ही मूव्हीज' बाजारात आलं, तेव्हा संपादक होता अवघ्या अठरा वर्षांचा. नावातच पुस्तकाचं प्रयोजन आहे. अमेरिकन टीव्ही वाहिन्या रात्री-अपरात्री जुने सिनेमे दाखवत. तिकिटाचा प्रश्नच नव्हता. पणाला लागायची ती झोप. हा सिनेमा बघायला जागायचं की दिवा मालवायचा, एवढंच प्रेक्षकाला हवं असे. स्टीव्हन शॉयर यांचं अशाच धर्तीचं पुस्तक १९५८ पासून होतंच. पण माल्टिन आणि त्यांच्या मदतनीसांनी हा प्रकार इतका वाढवला, की पुढे पुस्तकाचं नाव बदललं, ते दरवर्षी निघू लागलं आणि शेवटी शेवटी त्यात जवळपास सोळा हजार सिनेमे मावत होते. इतक्या सिनेमांत अभिजात असे किती असणार? आणि कायमचे विसरण्याजोगे तरी किती? पुस्तकाचा खरा उपयोग मधल्या गर्दीत वाट काढण्यासाठी होता. अभिजात सिनेमाचं नाव आधीच कानावर असतं, त्यासाठी कुणी उशाशी जाडजूड कोश ठेवत नाही.

ताऱ्यांची पद्धत माल्टिन यांची नव्हे. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये १९२८ साली आयरीन थायरर यांनी सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली होती. माल्टिन यांची मोजपट्टी मात्र मजेशीर आहे. वर चार तारे, मग अर्ध्या-अर्ध्याने उतरत दीडपर्यंत, आणि त्याखाली थेट 'बॉम्ब'. एक तारा नाहीच. म्हणजे एकूण सात पायऱ्या, आणि मोजून पाहिलं तर बरोबर मधली पायरी अडीच ताऱ्यांची. वरच्या आणि खालच्या टोकाला शब्द फार लागत नाहीत, याचा पुरावा याच पुस्तकात आहे. १९४८ च्या एका सिनेमाचं नाव होतं 'इझन्ट इट रोमँटिक?' त्यावरचं परीक्षण एका शब्दाचं: 'नाही.' हा विनोद गाजला. पण अडीच ताऱ्यांच्या सिनेमाला अशी चपराक देता येत नाही, आणि त्याची आरतीही ओवाळता येत नाही. तिथे सगळा भार 'पण' या अव्ययावर येतो. 'कथा ओळखीची, पण संवाद खुसखुशीत' आणि 'संवाद खुसखुशीत, पण कथा ओळखीची' या दोन वाक्यांत माहिती तीच आहे. तरी पहिलं वाचून माणूस तिकीट काढतो आणि दुसरं वाचून घरी बसतो. 'पण' कुठे ठेवायचा हे ठरवताना समीक्षकाने आपला निर्णय दिलेला असतो. त्याला शब्दांची तंगी असल्यामुळे तो निर्णय लपवायला जागाही उरत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मधला शेरा म्हणजे पळवाट. आवडला की नाही ते स्पष्ट सांगा, कुंपणावर बसू नका. आपल्याकडे बाबूराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकातली झोंबणारी परीक्षणं लोकांच्या लक्षात राहिली, त्यामागे हीच आवड आहे. अमेरिकेत जीन सिस्केल आणि रॉजर इबर्ट या समीक्षकांनी टीव्हीवर अंगठा वर किंवा खाली करून ही मागणी पुरवली. इबर्ट वर्तमानपत्रात मात्र चारपैकी तारे देत, आणि त्यांच्या हिशेबात तीन तारे म्हणजे अंगठा वर, अडीच म्हणजे खाली. अर्ध्या ताऱ्याचा फरक टीव्हीवर गेला की होकार आणि नकार एवढा रुंदावे. 'रॉटन टोमॅटोज' या १९९८ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळाने हेच तत्त्व शेकडो समीक्षकांना लावलं. तिथे प्रत्येक परीक्षणाची नोंद अनुकूल किंवा प्रतिकूल अशी होते आणि अनुकूल परीक्षणांची टक्केवारी निघते. आता हिशेब करून पाहा. शंभर समीक्षकांनी एखाद्या सिनेमाला 'बरा आहे, एकदा बघा' म्हटलं, तर त्याला १०० टक्के मिळतात. दुसऱ्या सिनेमावर साठ जण जीव ओवाळतात आणि चाळीस जण वैतागून उठतात, त्याला ६० टक्के. दुसऱ्यात काहीतरी जबरदस्त आहे हे उघड दिसत असताना आकडा पहिल्याला डोक्यावर घेतो. स्पष्टपणाचा आग्रह धरून हाती आला तो गोंधळ. कुंपणावर बसल्याचा आरोप झालेला समीक्षक निदान कुंपण कुठे आहे ते तरी दाखवत होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घाईने दिलेला मधला शेरा पुढे हास्यास्पद ठरतो. मार्टिन स्कॉर्सेसींच्या १९७६ च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'ला माल्टिन यांच्या पुस्तकात दोनच तारे आहेत, आणि चाहते अजून त्यावरून दात-ओठ खातात. ही चूक मान्य करायलाच हवी. पण ती चूक मधल्या सिनेमाला मधला म्हटल्याची नाही. असामान्य सिनेमा ओळखू न आल्याची आहे. शिवाय तारा म्हणजे कायमचा निवाडा, हे गृहीत धरल्यामुळे ती जास्त बोचते. इबर्ट यांनी हा गुंता चांगला सोडवला होता. त्यांच्या मते तारे सापेक्ष असतात: अतिमानवी नायकाचा मारधाडपट कसा आहे असं मित्र विचारतो, तेव्हा त्याला तशाच इतर मारधाडपटांशी तुलना हवी असते, गंभीर शोकांतिकेशी नव्हे. म्हणून एका फुटकळ विनोदी सिनेमाचे तीन तारे आणि एका महत्त्वाकांक्षी नाट्याचे तीन तारे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. समीक्षक पॉलीन केल यांनी तर ताऱ्यांची भानगडच ठेवली नाही. 'न्यूयॉर्कर'मधल्या त्यांच्या छोट्या टिपणांचं पुस्तक १९८२ मध्ये निघालं. त्याआधी, १९६९ मध्येच, एका लांबलचक निबंधात त्यांनी सिनेमातल्या झकास उथळपणाची बाजू घेतली होती. श्रेष्ठ कला पडद्यावर क्वचितच दिसते, मग उथळ सिनेमातली मजा ज्याला घेता येत नाही त्याने थिएटरात जावं तरी कशाला, असा त्यांचा रोख होता. थोडक्यात, मधल्या सिनेमाची किंमत करायची तर त्याने काय करायचं ठरवलं होतं आणि त्यातलं किती साधलं, हे बघावं लागतं. ताऱ्याखालची ओळ याचसाठी असते. ती वगळून नुसते तारे मोजणाऱ्यांना इबर्ट आणि माल्टिन दोघेही सारखेच निरुपयोगी.

माल्टिन यांच्या पुस्तकाची शेवटची आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. कलाकारांची नावं, साल, लांबी हे सगळं फोनवर फुकट मिळू लागल्यावर जाड पुस्तक कोण घेणार? तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, नेटफ्लिक्सने प्रेक्षकांकडून घेतले जाणारे पाच तारे काढून टाकले आणि अंगठे आणले. कंपनीला ताऱ्यांमध्ये एक खोट दिसली होती: गंभीर माहितीपटांना लोक भरभरून तारे देत आणि हलक्याफुलक्या सिनेमांना तीन, पण संध्याकाळी लावत ते तीनवालेच. लोक सांगतात एक आणि बघतात दुसरंच, असा अर्थ कंपनीने काढला. वास्तविक त्यांनी दोन्ही गोष्टी अचूक सांगितल्या होत्या: सिनेमा तीन ताऱ्यांचा आहे, आणि दमून घरी आल्यावर तोच बघायचा आहे.