नोकरी सोडून फौजेत अधिकारी व्हायचंय?

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली की काहींच्या मनात फौजेचा विचार पुन्हा डोकं वर काढतो. हिंजवडीत कोड लिहिणारा इंजिनिअर असतो, बँकेत प्रोबेशनवर असलेली मुलगी असते, चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा असतो. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘क्लास कुठला लावू?’ हा असतो. माझ्या मते सुरुवात जन्मतारखेपासून करायला हवी, कारण या वाटेवर बाकी सगळं कमावता येतं, गेलेलं वय तेवढं परत मिळत नाही.

वय कसं मोजतात ते नीट समजून घ्या. पदवीधरांसाठी सर्वांत परिचित दार म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीसाठी वयाची मर्यादा 24 वर्षं आहे आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी, म्हणजे ओटीएसाठी, 25. पण हे वय परीक्षेच्या दिवशीचं धरत नाहीत. प्रशिक्षण ज्या सुमारास सुरू होणार, त्या वेळचं धरतात. जाहिरात निघाल्यापासून अकॅडमीचं फाटक ओलांडेपर्यंत सव्वा वर्षाच्या आसपास काळ जातो. म्हणजे ओटीएची शेवटची संधी हवी असेल तर चोविसावं वर्ष सरण्याआधी अर्ज गेलेला असला पाहिजे. ‘अजून पंचवीस पूर्ण व्हायचेत’ या भरवशावर राहून कित्येकांची संधी हुकते. जाहिरातीत जन्मतारखेची मुदत स्पष्ट छापलेली असते, ती शब्द न् शब्द वाचा.

इंजिनिअरांना थोडी जास्त सवड आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या टेक्निकल प्रवेशासाठी मर्यादा 27 वर्षांची आहे आणि तिथे लेखी परीक्षाच नाही. पदवीच्या गुणांवरून, शाखानिहाय, मुलाखतीला बोलावतात. एलएलबी झालेल्यांसाठी लष्कराच्या कायदा विभागाचा, म्हणजे ‘जॅग’चा प्रवेश आहे, तोही 27 पर्यंत. कॉलेजात एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र मिळवलेल्यांना लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येतं. हवाई दलाची एएफकॅट परीक्षा वेगळी असते आणि तिथे जमिनीवरच्या शाखांसाठी 26 पर्यंत संधी असते. यातल्या बहुतेक प्रवेशांना उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. घरात स्थळं पाहणं सुरू असेल तर हे आईवडिलांच्या कानावर आधीच घाला.

सैनिकांच्या वीरपत्नींसाठी मात्र वयाची अट 35 पर्यंत शिथिल आहे. कुपवाड्यात 2015 साली धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिक साताऱ्याचे. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई असताना एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी, उत्तीर्ण झाल्या, चेन्नईचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. आयुष्याच्या मध्यावर वाट बदलण्याचं याहून मोठं उदाहरण माझ्यासमोर नाही.

आता हे ‘शॉर्ट सर्व्हिस’ काय आहे ते पाहू, कारण नोकरीतून येणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला तेच येतं. 1962 च्या चीन युद्धात तरुण अधिकाऱ्यांची टंचाई तीव्रतेने जाणवली. तातडीने अधिकारी घडवण्यासाठी मद्रासला आणि आपल्या पुण्याला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढलं गेलं. पुण्याचं पुढे बंद झालं, मद्रासचं टिकलं आणि 1988 पासून ते ओटीए म्हणून ओळखलं जातं. युद्धकाळातली ती आणीबाणीची भरती संपल्यावर तिथे शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी घडू लागले. आज या कमिशनची मुदत दहा वर्षांची असते. दहा वर्षांनी तीन रस्ते फुटतात: निवड झाली तर कायम कमिशन, नाहीतर आणखी चार वर्षं, नाहीतर सन्मानाने निरोप. मुलींसाठी ओटीएचं दार 1992 मध्ये उघडलं, आणि फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांच्या कायम कमिशनचा मार्ग मोकळा झाला.

सीडीएसच्या लेखी परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. ओटीएसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोन पेपर, प्रत्येकी 100 गुणांचे. डेहराडूनसाठी गणित जास्तीचं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. नोकरी करत, रोज दोन तास नेमाने दिले तर सहा महिन्यांत हे आवाक्यात येतं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएस आणि एसएसबीची तयारी तिथे करून घेतात, राहण्याजेवणाची सोयही मोफत असते. माहिती आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. हजारो रुपये भरून क्लास लावण्याआधी तिथे एक चक्कर जरूर मारावी.

खरी कसोटी एसएसबीची. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातली आहे. घराणं आणि शाळा पाहून अधिकारी निवडण्याची जुनी रीत अपुरी पडू लागली, तेव्हा ब्रिटिश सैन्याने मानसशास्त्राच्या आधारे निवड सुरू केली आणि त्याच काळात ती भारतातही आली. लष्कराची मंडळं प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू आणि जालंधरला आहेत. तिथे पाच दिवस राहावं लागतं. नाव बाजूला राहतं आणि छातीवर चेस्ट नंबर लागतो.

पहिल्या दिवशी गाळणी लागते. बुद्धिमापनाची चाचणी होते. मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटात बसून सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवायची. दुपारपर्यंत बरेच जण ‘स्क्रीन-आउट’ होऊन स्टेशनची वाट धरतात. उरलेल्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचणी. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. साठ शब्द एकामागून एक, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात. हा वेग मुद्दाम ठेवलेला असतो. पाठ केलेली उत्तरं पहिल्या दहा-बारा शब्दांपर्यंत पुरतात, पुढे तुम्ही जसे आहात तसे कागदावर उतरायला लागता.

नंतरचे दोन दिवस मैदानावर, जीटीओच्या, म्हणजे गटचाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेखाली. फळ्या, दोर, पिंप घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे असतात. लाल रंगाच्या भागाला हात लावायचा नाही. फळी तोकडी पडते, वेळ संपत येतो, दोघं एकाच वेळी ओरडत असतात. त्या गोंधळात कोण ऐकून घेतो, कोण स्वतः वाकून दुसऱ्याला खांदा देतो, कोणाची कल्पना फसल्यावरही उत्साह टिकतो, हे जीटीओ टिपत असतो. एकट्याने करायचे दहा अडथळे तीन मिनिटांत असतात. उंच उडी जमली नाही म्हणून कोणी नापास होत नाही; पण न जमलेल्या उडीपुढे रेंगाळून उरलेली मिनिटं घालवणारा मात्र लक्षात राहतो.

या पाच दिवसांतच मुलाखत होते. नोकरी केलेल्या माणसाचं पारडं इथे जड होऊ शकतं, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. आल्याआल्या भरून घेतलेल्या माहितीपत्रकावरून मुलाखत घेणारा अधिकारी एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो: दहावीपासूनचे गुण, आवडते-नावडते शिक्षक, जवळचे मित्र, सध्याचं काम, साहेबांशी कसं जमतं, टीममधला एखादा काम टाळत असेल तर काय करता, पगार कुठे खर्च होतो. कॉलेजातून थेट आलेल्या मुलाला यातल्या निम्म्या प्रश्नांना कल्पनेने उत्तर द्यावं लागतं. तुमच्याकडे घडलेले प्रसंग असतात. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तेव्हा काय केलं, कामगारांचा वाद कसा मिटवला, हे तुम्ही जगलेले असता. ‘चांगली नोकरी का सोडता?’ हा प्रश्न येणारच. नोकरीचा कंटाळा हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. कंटाळवाणी कामं फौजेतही पुष्कळ असतात. साठा मोजणं, रजेचे तक्ते, चौकशीचे कागद हे सगळं तिथेही आहे. उत्तर प्रामाणिकपणे आधी स्वतःपाशी शोधा.

मानसशास्त्रज्ञ, जीटीओ आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. एसएसबीच्या वर्तुळात याला ‘मनसा, वाचा, कर्मणा’ म्हणतात. मनात आहे ते लेखनात उतरतं, वाणी मुलाखतीत दिसते आणि कृती मैदानावर. तिन्ही जुळतात का, हे पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये पाहिलं जातं. म्हणूनच मी म्हणतो, केवळ एसएसबीच्या तयारीसाठी नोकरी सोडू नका. वर्षभर खोलीत बसून उत्तरं घोकणाऱ्यापेक्षा वर्षभर जबाबदारीने काम करणारा, संध्याकाळी मित्रांसोबत फुटबॉल खेळणारा, गणपती मंडळाचा हिशेब चोख ठेवणारा तिथे जास्त भावतो. पहिल्या खेपेला नाव आलं नाही तर वयाच्या मर्यादेत पुन्हा जाता येतं. रिपीटर म्हणून कोणी कमी लेखत नाही.

रजेचं गणित मात्र नीट बसवा. शिफारस झाली तर बहुधा लगेच वैद्यकीय तपासणी लागते आणि तिला आणखी काही दिवस जातात. पाच दिवसांची रजा काढून गेलेल्याची तारांबळ उडते. दहा-बारा दिवस हाताशी ठेवा. तपासणीत मोठ्या आजारांपेक्षा लहानसहान गोष्टींवर जास्त जण अडकतात: कानातला मळ, वाढलेलं वजन, सपाट तळवे, एकमेकांना टेकणारे गुडघे, वाकडा नाकाचा पडदा, व्हेरिकोज व्हेन्स. खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांना वजनाचा धोका सर्वांत जास्त. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज होतो आणि अपिलालाही मुदत मिळते, पण आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून तपासून घेतलं तर ती धावपळ वाचते.

तपासणीत पास झालात तरी काम संपत नाही. शेवटी गुणवत्ता यादी लागते आणि जागांच्या मर्यादेमुळे शिफारस झालेलेही ‘मेरिट-आउट’ होतात. म्हणून रुजू होण्याचं पत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नये. अडचण अशी की हे पत्र बहुधा प्रशिक्षणाच्या काही आठवडे आधी येतं आणि आयटी कंपन्यांचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असतो. नेमणूकपत्रात पैसे भरून मुदत कमी करायची सोय आहे का, हे आजच पाहून ठेवा आणि तेवढी रक्कम बाजूला टाका. सरकारी नोकरीत असाल तर सीडीएसचा अर्ज केल्याचं कार्यालयप्रमुखांना लेखी कळवावं लागतं.

ओटीएचं प्रशिक्षण 49 आठवड्यांचं. पहाटेची धाव, ड्रिल, हत्यारं, नकाशावाचन, वर्ग, पाठीवर वजन घेऊन लांबच लांब कूच. सव्वीस वर्षांच्या, चार जणांची टीम सांभाळलेल्या माणसाला त्याच्याहून चार वर्षांनी लहान सीनियर कॅडेट रांगेत पळवतो. शरीर महिन्या-दोन महिन्यांत सरावतं. ही सवय व्हायला मनाला जास्त वेळ लागतो. या काळात दरमहा 56,100 रुपये स्टायपेंड मिळतो. शेवटी दीक्षान्त संचलनात ‘अंतिम पग’ ओलांडला की लेफ्टनंट. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 56,100 पासून सुरू होतं, त्यावर 15,500 रुपये सैनिकी सेवा वेतन आणि महागाई व इतर भत्ते. पुण्यातल्या अनुभवी इंजिनिअरला हा आकडा भुरळ घालणारा नाही, आणि तो घरच्यांपासून लपवूही नये. मग युनिट. राज्यावरून ते ठरत नाही. साताऱ्याचा मुलगा मद्रास रेजिमेंटमध्ये जाऊन जवानांची भाषा शिकतो, तर पंजाबचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत मराठीत हुकूम द्यायला लागतो.

दहा वर्षांनी बाहेर पडलात तर वय पस्तिशीच्या आसपास असेल. पेन्शनला वीस वर्षांची सेवा लागते, त्यामुळे ती नाही, ग्रॅच्युइटी मिळते. आयआयएमसारख्या संस्थांत पुनर्वसनाचे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम करता येतात, नागरी सेवा परीक्षेसाठी वयात पाच वर्षांची सूट मिळते. दुसऱ्यांदा वाट बदलावी लागू शकते, हे सही करतानाच घरच्यांनाही माहीत असलेलं बरं.

आणि तिशी ओलांडलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी टेरिटोरियल आर्मी आहे. 9 ऑक्टोबर 1949 रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. अधिकारी होण्यासाठी 18 ते 42 वय, पदवी आणि स्वतःचं उत्पन्नाचं साधन लागतं. इथे नोकरी किंवा धंदा असणं ही अटच आहे. लेखी परीक्षा, मुलाखत मंडळ, मग तीच एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी. निवड झाल्यावर वर्षातले साधारण दोन महिने गणवेशात, बाकी आपल्या कामावर. देशाला गरज पडली तर जास्त काळही जावं लागतं. लग्न झालेलं असलं तरी चालतं. आणि सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परतल्यावर पुन्हा कामावर घेण्याची जबाबदारी मालकावर टाकणारी तरतूद 1948 च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यातच आहे; अर्ज भरण्याआधी तिची प्रत आपल्या एचआरला दाखवून बोलणं करून घ्या.